घरात बोट लागली
बस सुधाकर, तुझ्या भाचीची गंमत सांगतो. हर्षलाला फिट यायच्या, पन "फिट" म्हनायची आम्हाला लाज, म्हनून डॉक्टरीनबाईंपुढंही आम्ही "चक्कर"च म्हनायचो. गोळ्यांनी हर्षलाच्या फिट थांबल्या. मग एकदा ती डुलत, भिंत धरून चालायला लागली. बाईंना फोन केला, "पोरीला परत चक्कर येते." त्यांनी फिट समजून गोळी वाढवली, पोरगी आनखीच डुलायला लागली! शेवटी दवाखान्यात नेली. बाईंनी तिलाच विचारलं, "शुद्ध जाते का?" "नाय हो, सगळं कळतं. पन बोट लागल्यासारखं घर हलतं." बाई हसल्या. "समुद्रकाठच्या अर्नाळ्याच्या पोरीला घरात बोट लागते? काका, ही फिट नाही, गोळीनं येणारी चक्कर आहे!" गोळी कमी केली, आता पोरगी सरळ चालते. पन तुझी बहीन अजून तिला एकटीला आगाशीच्या बाजारात सोडत नाय. तू भाऊ आहेस, जरा समजव.