परसातल्या शेडची किल्ली

श्रावण लागला तसे आमच्या पनवेलच्या घरातले सुके बोंबील परसातल्या शेडमध्ये बंद झाले. तरी ते कमी व्हायला लागले. ह्यांनी खिडकीला जाळी ठोकली, दाराला नवं कुलूप लावलं.

"चोर घरातलाच हाय," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "मोरा बंदरच्या कोळ्यांची पोर ही. म्हावऱ्याबिगर घास उतरंल का हिला?"

मी दात-ओठ खात भांडी घासायला घेतली. श्रावणभर कांदा-लसूणही न शिवणाऱ्या सासूबाईंनी किल्ली स्वतःच्या कनवटीला खोचली.

आज सकाळी त्या ओटीवर जपाच्या पिशवीत हात घालून, डोळे मिटून बसल्या होत्या.



आणि शेजारची दोन्ही मांजरं त्या पिशवीला नाक लावून म्याव म्याव करत होती.