रघूचा दोर

चौलच्या वाडीत गणराजइतका रुक्ष माणूस नव्हता. त्या दिवशी सुपारीवर चढायच्या आधीच त्याचा दोर तुटला, म्हणून त्याने खोपीत वर्षभर टांगलेला रघूचा दोर पायांत अडकवला. रघू म्हणजे वाडीला हसवणारा गडी. गेल्या साली शेंड्यावरून “पोतं पसरा रं, मी पिकलो!” असं ओरडत तो खरोखर पडून मेला, तेव्हाही खालचे हसतच होते. अर्ध्या झाडावर गणराजच्या तोंडून निसटलं, “मालक, इथून तुमचं टक्कल नारळासारखं दिसतंय. तेही उतरवू?” खाली हशा पिकला. आवाज गणराजचा, हेल रघूचा. सुपाऱ्या वेचणारी रघूची बायको, कोकिळा, दचकली. विनोदामागून विनोद सुटत गेले. त्यालाही हसू आवरेना. शेंड्यापाशी दोराची गाठ सैल झाली. ‘वाचवा’ म्हणायला गेला, तोंडून आलं, “पोतं पसरा रं, मी पिकलो!” वाडी खदखदून हसली. एकटी कोकिळा पोतं पसरत धावली.