चरबी चोळलेली गिटार

बिश्केकच्या बाजारातून आणलेल्या जुन्या गिटारची तारा पेलणारी घोडी तिसऱ्यांदा उखडली. माझा सरस कधी दगा देत नाही. लाकूड हुंगलं: मेंढीच्या शेपटीची खवट चरबी! “बुरुल, हे काय घोड्याचं खोगीर आहे चोळायला? चरबीवर सरस धरतो का गं?” सून मान खाली घालून म्हणाली, “मी नाही चोळली, आई.” “मग कोणी? नाव सांग, नाहीतर माझ्या हत्यारांना पुन्हा हात लावायचा नाही!” तिचे डोळे भरले. गिटार दुरुस्त करायला शिकायचं तिला भारी वेड. “त्यांचं नाव मला घेता येत नाही.” सासऱ्याचं नाव आमच्याकडे सून उच्चारत नाही. माझा म्हातारा समोर, दारापासून लांबच्या मानाच्या जागेवर बसून, सगळं ऐकत चहा भुरकत होता. चरबीपेक्षा त्या गप्प बसण्याची शिसारी आली. “ऊठ तिथून! मानाच्या जागेवर आता बुरुल बसेल.”