गप्प झालेला वकील

"सांगून कुणाला पटायचं नाही," करार सांभाळणारे तात्या खुर्चीत ऐसपैस रेलून म्हणाले. मालकीणबाईंचा जीव टांगणीला लागला होता. पाचपर्यंत करार झाला नाही, तर कारखान्याचं एकुलतं एक गिऱ्हाईक हातचं जाणार होतं.

"ऑनलाइन फाइलमध्ये गिऱ्हाइकाच्या वकिलाला असा धुतला म्हणून सांगू! एकेका कलमाशेजारी माझे तीस-तीस शेरे. सातव्या कलमाला त्याची बोबडी वळली, बाराव्याला त्याने हात टेकले. चार दिवस झाले, चकार शब्द काढलेला नाही बिचाऱ्याने."

बाईंनी फाइल कोणाकोणाला दिसते ते उघडून पाहिलं. पावणेपाच झाले होते.

"तात्या, थापा पुरे! त्या वकिलाला तुम्ही अजून लिंकच पाठवलेली नाही."