मागच्या खोलीतली धूळ

भुशाची पिशवी तुडुंब भरलेली होती. रुचिरने ती यंत्राखालून ओढली, तेव्हा सागाचा पिवळसर भुसा त्याच्या चपलांवर सांडला.

“बाबा, ही शेवटची कधी रिकामी केलीत?”

“गेल्या शनिवारी, साईटवर जाताना,” स्टुलावर उभा असलेला उल्हास म्हणाला. “यल्ला, चल, पाईप वर दे.”

रुचिरने पाईप वर दिला, पण त्याच्या डोक्यात हे काही बसेना. बाबांची नोकरी सहम गावाच्या पुढे, बांधकामाच्या साईटवर. शनिवारी संध्याकाळी जायचं, गुरुवारी रात्री मस्कतला परत यायचं. आज शुक्रवारची सकाळ. मग आठवडाभर इथे लाकूड घासलं कोणी?

खोली बंगल्याच्या मागे, आवाराच्या भिंतीला टेकून होती. मूळची मोलकरणीसाठी बांधलेली. तिथे बाबांनी सुतारकामाचा छंद मांडला होता, असं आई फोनवर कौतुकाने सांगायची. तिथे बनणाऱ्या देवघरांचे फोटोही तीच पाठवायची. रुचिर फिजिक्समध्ये एमएससी करून कालच पुण्याहून आला होता. धूळ ओढून नेणारे पाईप बसवायचे ठरले, तेव्हा ते कसले आणायचे हे त्याने तिकडूनच कळवलं होतं. प्लॅस्टिकच्या पाईपात भुसा घासून वीज साठते, म्हणून पत्र्याचे. काटकोनी वळण हवेचा जोर खातं, म्हणून तिथे दोन निम्मी वळणं. इथपर्यंत बाबांनी सगळं ऐकलं. अडलं ते झडपांपाशी.

छताखालून मोठा पाईप जाणार होता. त्यातून प्रत्येक यंत्राकडे एक फांदी उतरणार, आणि प्रत्येक फांदीला एक सरकती झडप. चालू यंत्राची झडप उघडी ठेवायची, बाकीच्या बंद, म्हणजे सगळी ओढ एकाच तोंडाशी मिळते. रुचिरने झडपांच्या खुणा वर, मोठ्या पाईपालगत केल्या होत्या. उल्हासने त्या पुसून पार आपल्या खांद्याखाली आणल्या.

“इतक्या खाली घेतल्या तर वरच्या नळीत भुसा साचेल.”

“साचू दे. झाडू आपण.”

“पण का? तुमचा हात तर छताला पोचतो.”

“वय होतंय रे.”

“अहो, आत्ताच स्टुलावर उडी मारून चढलात.”

उल्हास नुसता हसला आणि स्क्रू पिळू लागला. त्या हसण्याने रुचिरचा संशय आणखी वाढला. तो खोलीभर बघत फिरला. कामाचा बाक बुटका होता. यंत्रांच्या आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कानांवर चढवायचं आवरण खिळ्याला लटकत होतं. त्याने ते डोक्यावर घालून पाहिलं. पट्टा इतका आत सरकवलेला होता की कानांपर्यंत येईचना. लाकूड घासायच्या यंत्राचा, सँडरचा, पाईप बाबांनी मुद्दाम खालून घ्यायला लावला होता, तोंडावर धूळ उडू नये म्हणून. कोणाच्या तोंडावर?

खल्ली वल्ली. मस्कतमध्येच वाढलेल्या रुचिरला तो शब्द आठवायला वेळ लागला नाही. कागदांशिवाय लपूनछपून काम करणाऱ्याला इथे तसंच म्हणत. राजीवकाकांच्या गोदामात असाच एक जण सापडला होता, आणि महिन्याभरात काका बिऱ्हाड बांधून ठाण्याला गेले होते. बाबांची नोकरी, हे घर, विसा, सगळं कुणा एकापायी जाणार होतं. त्याहून वाईट म्हणजे आई आठवडाभर घरात एकटी, आणि मागे हा माणूस.

बाहेर गाडीचं दार वाजलं. उल्हासने पटकन हात लांबवून खिडकी लावून घेतली.

“कोण आहे तो?” रुचिरने विचारलं.

“कुठे कोण? शेजारी नमाजाला निघालेत.”

“बाबा, मला बनवू नका. तुम्ही नसताना इथे कोणीतरी काम करतं. बुटकं, बारीक अंगाचं. कामाचे कागद नाहीत. बरोबर?”

उल्हास सावकाश स्टुलावरून उतरला. “कामाचे कागद नाहीत,” तो म्हणाला. “तेवढं खरं आहे.”

“आणि आईला ठाऊक आहे?”

“आहे.”

“मग आजच्या आज बंद करा हे. मला नावगाव काही नको. सापडलं कोणी, तर तुम्हाला विमानात बसवून देतील.”

“मी सांगून पाहिलं. दिवाळीपर्यंतच्या देवघरांच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्यात. माझं कोण ऐकतंय?”

दार ढकलून त्याची आई शैला चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

“कोणाला हाकलतोयस रे?” तिने विचारलं.

“आई, तू यात पडू नकोस.”

“बरं.”

तिने ट्रे बाकावर ठेवला. बाक बरोबर तिच्या कमरेला लागत होता. तिने ओढणीने केस बांधले, तोंडावर मास्क चढवला, खिळ्यावरचं आवरण काढून कानांवर बसवलं. पट्ट्याला हातही लावावा लागला नाही. मग देवघराची नक्षीदार फळी उचलून ती सँडरपाशी उभी राहिली आणि झडप चाचपायला तिने हात वर केला. तिथे झडप अजून बसवलीच नव्हती.

“माझ्या विसावर लिहिलंय, काम करायला मनाई,” मास्कमधून ती म्हणाली. “हाकल आता. मी काही स्वतःहून जायची नाही.”

उल्हासने चहाचा कप उचलला. गल्लीतून आणखी एक गाडी हळूहळू पुढे गेली. रुचिरने तिचा आवाज विरेपर्यंत वाट पाहिली. मग त्याने दाराला आतून कडी घातली आणि कानामागची पेन्सिल काढली.

“हात तसाच ठेव, आई,” तो म्हणाला आणि तिच्या बोटांपाशी पाईपवर खूण केली.