बिनगव्हाचा केक

ओट्यावरचा चमचा आपोआप हलायला लागला, तेव्हा मी घाबरलो नाही. सिंधूमावशीला जाऊन तेराच दिवस झाले होते आणि आमच्या स्वयंपाकघरात लुडबुड केल्याशिवाय तिला कधीच करमलं नव्हतं.

मी आणि माझी सात वर्षांची भाची मैथिली तांदळाच्या पिठाचा केक करत होतो. मैथिलीला सीलिॲक आहे. गव्हाचा कण पोटात गेला तरी आठवडाभर अंथरूण. मावशीला हे पटायचं नाही. "गव्हानं कुणी मरतं का रे?" म्हणत तिनं कणीक मळलेल्या हातानं हिला बेसनाचा लाडू भरवला आणि आम्ही गेली दिवाळी दवाखान्यात काढली.

आता हवेतून कणीक भुरभुरत भांड्याकडे यायला लागली. तेव्हा मात्र मी घाबरलो.

मैथिलीनं पटकन भांड्यावर ताट झाकलं. "सिंधूआजी, आधी हात धू."

जिवंतपणी मावशी यावर तासभर भांडली असती. आता मात्र नुसता नळ सुरू झाला.

"साबणानं," मैथिली म्हणाली.

साबणाची वडी उचलली गेली.

केक भाजून झाला, गार झाला, संपलाही. मावशी अजून हात धुतेय.