आजोबांची पुटकुळी

बाथरूममध्ये दोन माणसं मावत नसताना तिघं उभी होती. आजोबा आरशासमोर, आजी मोबाईलचा टॉर्च धरून, आणि नात बेसिनला टेकून. या विषयातली घरातली अधिकारी व्यक्ती तीच. पुटकुळ्यांचा तिला दांडगा अनुभव होता.

"मान डावीकडे करा. अजून. छे, तो तीळ आहे," नातीनं निकाल दिला.

"लग्नात नव्हता हा," आजी म्हणाली.

आजोबांच्या फुप्फुसात गाठ होती. वाढीचा निरोप ऐकायला पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. गाठीतले रिसेप्टर निरोप नसतानाच "वाढा, वाढा" ओरडत सुटलेत, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. अशा साहेबाच्या हाताखाली आपण नोकरी केलीय, असं आजोबांनी त्यावर सांगून टाकलं. रोजची एक गोळी त्या रिसेप्टरांची तोंडं बंद करणार होती. पण तसलेच रिसेप्टर त्वचेतही असतात. गोळी त्यांनाही दटावते आणि त्वचा रुसते. तेव्हा पुरळ उठलं तर घाबरू नका, गोळी कामाला लागल्याची ती बरेचदा खूण असते, खात्री मात्र स्कॅनच देईल, असं बाई म्हणाल्या. आजीनं यातलं स्कॅनच्या आधीपर्यंतचं ऐकलं.

तेव्हापासून आजोबांचं गुळगुळीत नाक हा घरातला काळजीचा विषय होता. शेजारीण तब्येत विचारायला आली, की चेहरा अजून छानच आहे हो, असं आजी रडवेल्या आवाजात सांगायची. शेजारीण गोंधळून घरी जायची.

"थांबा. हलू नका." नात पुढे वाकली.

नाकपुडीच्या बगलेत लालबुंद, टोकाला पांढरी, नवीकोरी पुटकुळी. तिला लागून दुसरी. हनुवटीवर तर वसाहतच बसायला लागली होती.

"खरी आहे का गं?" आजोबांनी विचारलं. त्यांचा आवाज मिसरूड फुटणाऱ्या पोरासारखा चिरकला.

"एक नंबर," नात म्हणाली.

आजीनं टॉर्च तिच्या हातात कोंबला, चष्मा पदरानं पुसला आणि पुन्हा बघितलं. तिचं बोट नाकाकडे निघालं तसा नातीनं हात धरला. फोडायची नाही, हा पहिला नियम. मग ती पळत जाऊन डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम घेऊन आली आणि ट्यूबचं झाकण काढलं.

आजीनं तिच्या हातातून झाकण घेऊन परत लावलं.

"लावू गं दुपारी. आधी मला डोळे भरून बघू दे."